इंगोले मॅडमची भिंत

जाहीर प्रकटन. तमाम नागरिक, शेतकरी, व्यापारी, विद्यार्थी, पालक आणि विशेषकरून ज्यांना स्वतःच्या शरीराविषयी सगळं ठाऊक आहे असं वाटतं, अशा सर्वांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, वाशीम जिल्ह्यातल्या एका जुन्या वैद्यकीय कॉलेजात, शारीर विभागाच्या हॉलमध्ये, पूर्वेकडच्या भिंतीला पाठ लावून एक इसम अंगावर कातडी न घालता उभा आहे. वय अंदाजे पंचवीस. बांधा मजबूत. मिशी भरघोस. डाव्या हाताची करंगळी आखूड. सदर इसमास कोणी ओळखत असल्यास त्याने आधी चपला काढाव्यात, मग तोंड उघडावे. चुकीचे बोलल्यास होणाऱ्या परिणामांस इंगोले मॅडम जबाबदार राहतील, आणि आनंदाने राहतील.

हुश्श. सरकारी भाषेनं घशाला कोरड पडते. आता मोकळेपणानं सांगतो.

कॉलेज आयुर्वेदाचं. कौलारू छप्पर, सागवानी दारं आणि पावसाळ्यात हमखास गळणारा एक व्हरांडा. कुठल्या गावात ते विचारू नका, मला उद्या तिथं हजेरी लावायची आहे. मी द्रव्यगुण शिकवतो, म्हणजे झाडपाल्याचा मास्तर. माझा वर्ग आणि शारीर विभागाचा, म्हणजे शरीररचना शिकवण्याचा, हॉल यांच्यामध्ये एकच भिंत. इकडे मी मुलांना गुळवेल दाखवत असतो आणि पलीकडून गर्जना येते, "बोट ठेव आन् बोल!" माझी मुलं दचकून गुळवेलीवर बोट ठेवतात.

ही गर्जना डॉ. यशोधरा इंगोले यांची. गाव केनवड, रिसोड तालुका. उंची बेताची, केस कानाबरोबर कापलेले, सुती साडीवर अॅप्रन. त्या अॅप्रनला दोन खिसे. उजव्यात फुटाणे आणि डाव्यात मनगटाची आठ छोटी हाडं, खरी. ही हाडं त्या जपमाळेसारखी बोटांनी चाळवत बसायच्या आणि न बघता प्रत्येकाचं नाव सांगायच्या. फक्त कधीकधी बोलण्याच्या भरात हात चुकीच्या खिशात जायचा. आमच्याकडे नव्यानं रुजू झालेल्या प्रत्येक माणसाच्या तळहातावर मॅडमनी एकदा तरी प्रेमानं मनगटाचं हाड ठेवलेलं आहे. त्यातल्या एकानं ते दाताखाली धरलंही होतं. तो आता विभागप्रमुख आहे, म्हणून नाव सांगत नाही.

हातात तुराटी. तूर सोंगून झाली की शेतातून एक सरळ वाळकी काडी निवडून आणायची आणि वर्षभर तिनं भिंतीवरचे स्नायू दाखवायचे. कॉलेजनं एकदा त्यांना लाल उजेड टाकणारा पॉइंटर दिला. मॅडमनी तो विभागातल्या मांजराला खेळायला दिला. "उजेडानं अंगाले हात लागत नाही," म्हणाल्या. "काडी टेकली पाह्यजे. टेकल्यावर माणूस भानावर येते."

समोरचा माणूस परीक्षार्थी आहे हे त्यांनी जन्मभर गृहीत धरलं. लग्नात नवऱ्या मुलाला आशीर्वाद देताना पाठीचे मणके विचारायच्या. केनवडच्या एसटीत एकदा मी त्यांच्या शेजारी होतो. कंडक्टरनं तिकिटाच्या मशीनचं बटण दाबलं आणि मॅडमनी विचारलं, "भाऊ, अंगठा कोन्या स्नायूनं वाकवला?"

कंडक्टर म्हणाला, "सवयीनं, बाई."

मॅडम इतक्या खूश झाल्या की त्यांनी त्याला मूठभर फुटाणे दिले. मी आधी नीट पाहून घेतलं, फुटाणेच होते. आणि मग रिसोड येईपर्यंत मला ऐकवत राहिल्या, "पाह्यलं का सर? एका शब्दात खरं बोलला. डोकं खोटं बोलू शकते, सवय नाही बोलत. आपले पोट्टे दोन पानं लिहितात आन् त्यात सवय नसते."

आता हॉलविषयी. आमच्या कॉलेजच्या संस्थापकांना सगळे मोठे वैद्य म्हणत. पैसा थोडा आणि हौस अफाट. परदेशातून येणारी शरीराची मॉडेलं परवडेनात, तेव्हा मोठ्या वैद्यांनी ती इथल्याच लोकांकडून करवून घेतली. बैलगाडीची चाकं करणाऱ्या सुताराकडून कानाचं लाकडी मॉडेल. कान भोपळ्याएवढा, आत गोगलगायीसारखा वेढा, आणि पडदा हलवला की आतली तीन हाडं खटखट वाजतात. गणपती करणाऱ्या कुटुंबाकडून कागदाच्या लगद्याचं हृदय, चार कप्प्यांचं, कडीकोयंड्यासकट. तांबटाकडून बस्ती, म्हणजे एनिमा, देण्याची पितळी पिचकारी, तिच्यावर मोराची नक्षी. कुठल्या रुग्णाला त्या अवस्थेत मोर दिसणार होता, देव जाणे. मधोमध सागवानी टेबल, कडेनं पन्हळ कोरलेली.

आणि भिंत. ती रंगवली रहेमान पेंटरनं. दुकानांच्या पाट्या आणि टुरिंग टॉकीजची पोस्टरं रंगवणारा माणूस. मोठ्या वैद्यांनी त्याला पुस्तक दिलं, रंग दिले आणि सांगितलं, माणूस आतून काढ. रहेमान म्हणाला, आतलं पुस्तकातून काढीन, पण वरचा माणूस समोर उभा पाहिजे. मग बाजारातले लोक येऊन उभे राहिले. म्हणून आमच्या पचनसंस्थेला गावातल्या हलवायाचा चेहरा आहे आणि मज्जासंस्थेला पोस्टमास्तरचा, त्रासलेला. कोपऱ्यात, हलवायाच्या यकृताखाली, सावली दिलेल्या दुकानी अक्षरांत सही: "आर्टिस्ट रहेमान, वाशीम".

मधला पुरुष सगळ्यांत मोठा. स्नायू दाखवणारा, पूर्ण उंचीचा. अर्धा चेहरा सोललेला, अर्धा शाबूत. त्या अर्ध्या चेहऱ्यात एक डोळा, आणि तो डोळा हसतो. विद्यार्थी त्याला 'दादा' म्हणतात. का म्हणतात, कधीपासून, कुणाला माहीत नव्हतं.

एकदा एक गृहस्थ मोठ्या शहरातून आले. जुन्या वस्तू घेणारे. लिननचा सदरा, गळ्यात चष्मा. पिचकारीवरचा मोर पाहून त्यांचे डोळे ओले झाले. म्हणाले, "मॅडम, हा खजिना इथं नुसता पडून आहे!"

मॅडमनी तुराटी त्यांच्या छातीला टेकवली. "पडून नाही राह्यला. कामावर आहे. हे हृदय सकाळपासून तीनदा उघडलं. कान आत्ता दुसऱ्या वर्षाच्या पोट्ट्यांच्या हाती वाजून राह्यला. तुमी काय काम करता?"

"मी... संग्राहक आहे."

"म्हंजे तुमी नेलं की हे पडून राहील."

त्या गृहस्थांची मग दीड तास कानावर तोंडी परीक्षा झाली. तिसरं हाड त्यांना सापडलं नाही. जाताना मात्र मॅडमनी त्यांना चहा पाजला आणि एसटीपर्यंत सोडायला एक विद्यार्थी दिला. "नापास झालेल्याले नीट घरी पोचवायचं असते," हा त्यांचा नियम होता.

आता करंगळी. आमच्या कॉलेजचा डॉक्टर ओळखायची एक खूण आहे. त्याला हाताची हाडं काढायला सांगा. डाव्या करंगळीत तो दोनच हाडं काढतो. तुमच्याआमच्या करंगळीत तीन असतात. पण भिंतीवरच्या दादांची डावी करंगळी आखूड आहे, शेवटचं पेर नाही, आणि रहेमाननं पाहिलं तसं रंगवलं. पिढ्यानपिढ्या मुलांनी भिंत पाहून पाठ केलं. बाहेरून येणारे परीक्षक उत्तरपत्रिका बघून म्हणत, "हं, हा तुमचा."

एका परीक्षकानं मॅडमना सुनावलं, "चित्र चुकलंय, पुसून टाका."

मॅडम म्हणाल्या, "चित्र नाही चुकलं. पोट्टे चुकले. भितीकडे पाह्यलं, सोताच्या हाताकडे नाही पाह्यलं. म्हून तर ठेवली मी ही भित. जो दोन म्हन्ते त्याले मी सांगतो, आपली करंगळी मोज. पुस्तकातला माणूस सगळ्याइचा असते सर. भितीवरचा एकाचाच आहे."

या प्रश्नावर नापास झालेल्यांची संख्या मोठी. त्यांतले एक डॉ. मंगेशराव. तेव्हा नुसता मंग्या. देखणा, बोलण्यात पटाईत, अभ्यासात पातळ. त्यानं "दोन" म्हटलं आणि मॅडमनी त्याला भिंतीसमोर उभं करून स्वतःची करंगळी मोजायला लावली. सगळ्या वर्गासमोर. मुलींसकट. हा मंग्या पुढं दवाखान्यापेक्षा संस्थेच्या राजकारणात जास्त रमला आणि आमच्या संस्थेचा सचिव झाला. तेव्हापासून तो शारीर विभागाच्या व्हरांड्यातून जाताना पावलं झपझप टाकतो.

आता एक प्रथा. पहिल्या वर्षाची मुलं ज्या दिवशी पहिल्यांदा हॉलमध्ये येतात, त्या दिवशी देहदानातून आलेल्या देहाला फूल वाहतात. पूर्वी देह मिळत नसत. कुठल्याशा वर्षी देह आलाच नाही, तेव्हा मोठे वैद्य म्हणाले, भिंतीवरच्याला वाहा. तेव्हापासून रीत पडली. उंबऱ्याशी चपला काढायच्या, आत जायचं, दादांसमोर हात जोडायचे, मग काम. पहिल्या दिवशीच नव्हे, रोज. पाच वर्षं. इतकी अंगवळणी पडते की इथून गेलेला डॉक्टर सोनोग्राफीच्या खोलीतसुद्धा उंबऱ्याशी क्षणभर थबकतो.

एका पालकानं एकदा नारळ आणि अगरबत्ती आणली. मॅडमनी अगरबत्ती विझवली, नारळ फोडून सगळ्यांना खोबरं वाटलं. "फूल ठेवा. नवस नको. हा देव नाही, माणूस आहे. माणसाले मान द्यायले तुमाले देव कायले लागते?"

त्या दिवशी खोबरं खाताना मी सहज विचारलं, "कोण असेल हो हा माणूस?"

मॅडमनी खोबऱ्याचा तुकडा संपवला. मग वर्तमानपत्रातली बातमी सांगावी तशा सांगत गेल्या.

"माया बाप. संपत गणूजी इंगोले. इथीच कामाले होता. बेवारस प्रेत आलं की त्याले हात लावायले कोनी तयार नसे. बा उचले, धुवे, टेबलावर ठेवे. आमी नुकतेच बौद्ध झालो होतो, बा जोरात होता, कोनाले दबत नव्हता. रहेमानचाच्याले असा उभा राहणारा माणूस पाह्यजे होता. मोठ्या वैद्यांनं सांगितलं, संपत, उभा राह्य. बा म्हने, कपडे काढतो, पन मान खाली घालनार नाही. पाहा, घातली का?"

मी पाहिलं. नव्हती घातली.

"करंगळी कडब्याच्या यंत्रात गेली होती. आन् मग ते फुलं वाहायचं सुरू झालं. बाच्या हातचं पानी चालत नव्हतं असे पोट्टे रांगेनं चपला काढून बाच्या पाया पडत. आन् बा झाडू घेऊन दाराआड उभा. हासे म्हने! घरी आमाले कधी सांगितलं नाही. मी इथी शिकायले आली, पहिल्या दिवशी फूल घेऊन समोर उभी राह्यली, आन् पाहतो त बाप! अर्धा सोललेला. मायं फूल हातातच राह्यलं."

"तुम्ही कुणाला सांगितलं नाही?"

"कायले? बापासाठी भित सांभाळते म्हनतील. मी त शिकवासाठी सांभाळतो." मग खिशात हात घालून मला फुटाणे दिले. एक हाड निघालं. मी परत केलं.

एवढी पार्श्वभूमी पुरे. आता संकट.

तपासणी समिती येणार होती. आमच्या कॉलेजात समिती येणार म्हटलं की लग्नघर होतं. कुंड्या उसन्या येतात, पडदे उसने येतात, ओसाड वॉर्डात कुणाचे तरी काका सलाइन लावून झोपवले जातात. यंदा सचिव मंगेशरावांच्या अंगात आधुनिकता आली होती. डिजिटल टेबल आणायचं ठरलं. काचेचं, पलंगाएवढं. बोट फिरवलं की त्यातला माणूस थराथरानं सोलत जातो. आणि त्याच्या मागं मोठा पडदा. पडद्याला पांढरी भिंत हवी. पूर्वेचीच, कारण तिकडे खिडकी नाही.

स्टाफच्या मीटिंगमध्ये मंगेशराव म्हणाले, "भिंतीला पुट्टी मारू, वर पांढरा रंग. मॅडम, तुमच्या चित्रांचे उत्तम फोटो काढून फ्रेम करू. व्हरांड्यात लावू."

मॅडम उठल्या. "साहेब, तुमचा उत्तम फोटो काढून तुमच्या खुर्चीत ठेवू. आन् तुमाले व्हरांड्यात. जमते का?"

हसायचं नव्हतं. मी हसलो. मला खोकला आहे असं ठरलं.

"मॅडम, भावनिक होऊ नका. काळाबरोबर जावं लागतं."

"मी कुठं नाही म्हटलं टेबलाले? आना. पश्चिमेच्या भितीले पडदा लावा, खिडकीले काळा कपडा मी माया पैशानं शिवतो. पन पूर्वेले हात लावू देनार नाही."

"हा संस्थेचा निर्णय आहे," मंगेशराव म्हणाले, आणि पाणी प्यायले. मॅडमनी त्यांच्या गळ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू पाणी कुठल्या नळीतून जातंय ते विचारणार आहेत. विचारलं मात्र नाही. वडिलांचं नावही काढलं नाही. माझ्या जिभेवर ते येऊन थांबलं होतं. मॅडमनी टेबलाखालून माझ्या पायावर तुराटी टेकवली. टेकल्यावर माणूस भानावर येतो.

टेबल आलं. कंपनीचा तरुण विक्रेता आला, इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. मॅडमनी टेबल मनापासून पाहिलं, हे सांगितलं पाहिजे. बोटं फिरवली, स्नायू उलगडले, "मस्त केलं रे बाप्पा" म्हणाल्या. एका क्षणी वाटलं, बाई विरघळल्या. मग त्यांनी विचारलं, "याचं नाव काय?"

"मॅडम, मॉडेलचं नाव?"

"या माणसाचं. कोनाचा तरी देह कापून, फोटो काढूनच केलं असंन नं हे. कोन होता?"

"ते... बॉडी आहे मॅडम. बॉडीला नाव नसतं."

मॅडमनी काचेवरून हात उचलला. भिंतीकडे पाहिलं. मग अॅप्रनची बटणं लावली, जशी त्या फक्त परीक्षेच्या दिवशी लावायच्या, आणि मला म्हणाल्या, "सर, मायं चुकलं. इतके वर्षं पोट्ट्याइले हाडाइचे नाव विचारले. माणसाचं नाव विचारलंच नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुट्टीवाले आले. ठेकेदार, दोन माणसं, बादल्या, पत्रे. हॉलच्या दारावर खडूनं लिहिलेली पाटी लटकत होती: "परीक्षा चालू आहे. शांतता राखा."

आता हे समजून घ्या की आमच्या कॉलेजात सगळं मोडता येतं, परीक्षा मोडता येत नाही. चालू परीक्षेच्या खोलीत शिपाई शिरत नाही, प्राचार्य शिरत नाहीत. ठेकेदार बाहेर बादलीवर बसला. विभागांतर्गत तोंडी परीक्षा घ्यायचा अधिकार मॅडमचा होता आणि ती किती वेळ चालावी याचा नियम कुणी केला नव्हता.

पहिलं वर्ष झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. दुपारपर्यंत कॉलेजातले विद्यार्थी संपत आले. मी खिडकीतून विचारलं, "मॅडम, आता?"

"आता नापास झालेल्याइले बोलवा. फेरपरीक्षा."

ही बातमी जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर कुणी टाकली ते मला ठाऊक नाही. माझ्या फोनला त्या दिवशी चार्जिंग कमी होतं एवढंच मी सांगू शकतो.

मग जे झालं ते डोळ्यांनी पाहायला हवं होतं. वाशीमहून बाळंतपणाचा मोठा दवाखाना चालवणारी डॉक्टरीण आली. किन्हीराजाहून एक डॉक्टर मोटरसायकलवर आला, मागं कंपाउंडर, गळ्यात अजून स्टेथोस्कोप. टक्कल पडलेले, पोट सुटलेले, स्वतःची मुलं कॉलेजात असलेले लोक उंबऱ्याशी चपला काढून रांगेत उभे, आणि एकमेकांना दबक्या आवाजात विचारतायत, "काय विचारून राह्यल्या बे?"

"शेवटी नाव विचारतात म्हने."

"कायचं नाव?"

"दादाचं!"

"दादाचं नाव? दादाचं नाव दादाच नं बे!"

आतून आवाज आला, "बोट ठेव आन् बोल!" किन्हीराजाच्या डॉक्टरनं दादांच्या दंडावर बोट ठेवलं, स्नायू बरोबर सांगितला. मांडीचा सांगितला. मग तुराटी त्या हसऱ्या डोळ्याशी गेली. "याचं नाव?"

"मॅडम... हे नाही शिकवलं तुमी."

"बरोबर. नाही शिकवलं. आता आयक. संपत गणूजी इंगोले. याच हॉलात कामाले होता. माया बाप. म्हन."

त्या घोगऱ्या, भल्या माणसानं लहान मुलासारखं म्हटलं, "संपत गणूजी इंगोले." त्याचे डोळे भरले. तो म्हणाला, "पाच वर्षं पाया पडलो मॅडम, अन्..." मॅडम म्हणाल्या, "रडू नको. पुढचा पाठव." आणि त्याला पासचे मार्क दिले.

नाव रांगेत गेलं. रांगेतून व्हरांड्यात, व्हरांड्यातून ऑफिसात. ऑफिसात कुणी नेलं ते विचारू नका. त्या दुपारी तिकडे चहा घेऊन जाणारे बरेच होते, आणि मला चहा न्यायची हौस आहे.

तिसऱ्या प्रहरी मंगेशराव स्वतः निघाले. ऑफिसच्या दारापासूनच त्यांचा आवाज ऐकू येत होता. "परीक्षा म्हणजे काय तमाशा? समिती उद्या येतेय. मी आत जातो, मी सांगतो. ठेकेदार, चला, बादली घ्या. माझ्या मागोमाग या. कुणी काही बोलणार नाही!" मागं ठेकेदार, त्याच्या मागं पुट्टीची माणसं. मिरवणूक व्हरांड्यातून आली. रांग बाजूला झाली. डॉक्टरांनी मान खाली घातली, सवयीनं, सचिव म्हणून. मीही भिंतीला चिकटलो.

मंगेशराव तावातावानं उंबऱ्यापर्यंत आले. ओठांवर वाक्य तयार होतं. "मॅडम, हे आत्ताच्या आत्ता..."

आणि थबकले.

उजवा पाय डाव्या बुटाच्या टाचेवर गेला. बूट निघाला. दुसरा निघाला. ते त्यांनी बाजूला, इतर चपलांच्या ओळीत, टोकं बाहेर करून नीट ठेवले. मोज्यांनी आत गेले आणि दादांसमोर दोन्ही हात जोडले. डोकं अजून रागावलेलं होतं. ते पुढचं वाक्य शोधत होतं. हात मात्र जोडलेले होते.

ठेकेदारानं हे पाहिलं. त्यानं खांद्यावरचं फडकं काढलं, पायातली चप्पल काढली, आणि काय करावं न सुचून बादलीवर झाकण ठेवलं.

मॅडम सागवानी टेबलाजवळ उभ्या होत्या. अॅप्रनची सगळी बटणं लावलेली, दिवसभर उभं राहून पाय सुजलेले, मागं भिंतीवर तो इसम. त्या दोघांची मान एकाच कोनात वर होती. इतकी वर्षं शेजारी असून मला ते दिसलं नव्हतं. मॅडमनी आवाज चढवला नाही. तुराटी उचलली, सचिवांच्या जोडलेल्या हातांपैकी डाव्या हाताच्या करंगळीला हलकेच टेकवली आणि विचारलं, "हाडं किती, मंगेश?"

आणि आमच्या संस्थेचे सन्माननीय सचिव, रांगेतल्या सगळ्या डॉक्टरांसमोर, ठेकेदारासमोर, पुट्टीवाल्यांसमोर, मोज्यांवर उभे राहून, डोळे मिटून, एका दमात ओरडले, "तीन, मॅडम! दोन फक्त संपतदादाले!"